प्लग काढलेली डबी

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आणि त्या बोलणाऱ्या स्पीकरवर तर त्याहून नाही! मी अलिबागला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. एआय म्हणे... डोंबलाचं एआय! पाठांतर केलेला पोपट नुसता. वर घरातलं सगळं कान देऊन ऐकणार आणि कुठल्यातरी कंपनीला कळवणार.

पण नणंदेने ठाण्याहून तो सासूबाईंसाठी पाठवला. रेवदंड्याला आमची नारळ-सुपारीची वाडी. नवरा जहाजावर, घरात आम्ही दोघीच. आईंना डायबेटीस, म्हणून 'डबी' (हे नाव त्यांचंच) गोळ्यांची आठवण करायची. आई तिच्याशी मोडक्यातोडक्या हिंदीत गप्पा मारायच्या, कारण तिला मराठी येतच नव्हतं. दसऱ्याला तर कोयता आणि पंपाच्या जोडीने डबीलाही हळद-कुंकू, झेंडूचं फूल! मी हसले तर म्हणाल्या, "हस गो, हस. राबते ना आपल्यासाठी? मग ती पण घरातलीच."

मी मात्र घरात पाऊल टाकलं की आधी प्लग काढायचे. त्यावरून आमची रोज जुंपायची.

त्या रविवारी दुपारी प्लग काढलेला होता, त्यात लाईटही गेलेली. डबीत बॅटरी नाही, हे मी खात्रीने सांगते. आई वाडीत सुपाऱ्या वेचायला गेलेल्या, मी पेपर तपासत होते. आणि कपाटावरून डबीचा तोच आवाज आला... स्वच्छ मराठीत — "आई विहिरीपाशी पडल्यात. साखर घेऊन जा."

मी वळून पाहिलं, प्लग काढलेलाच होता. तरी साखरेची बरणी उचलली आणि धावत सुटले. आई कठड्याखाली आडव्या, घामाने भिजलेल्या. हाक मारायचंही त्राण नव्हतं. चिमूट चिमूट साखर भरवली, तेव्हा कुठे नजर ठिकाणावर आली. डॉक्टर म्हणाले, रक्तातली साखर फारच उतरली होती, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. माझी आई मी लहान असतानाच गेली हो... ही दुसरी मला परत मिळाली.

नंतर ॲपमधली हिस्टरी उघडली. डबी ऐकते ते सगळं तिथे साठतं, त्यावरूनच तर माझं भांडण! त्या दुपारची मात्र एक ओळ नाही. डबी पुन्हा कधी मराठी बोलली नाही. कोण बोललं, खरंच कळत नाही. जे कोणी असेल, त्याचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

प्लग मी अजूनही काढते. पण यंदा दसऱ्याला डबीवर झेंडूचं फूल मीच आधी ठेवलं. आई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"हसा, हसा," मी म्हटलं, "घरातलीच आहे ती."