चिठ्ठी न वाचणारा पारखी

जुन्या व्हायोलिनांची पारख करणं हा काही पोट भरण्याचा धंदा नव्हे, असं त्याच्या बायकोने लग्नानंतर महिन्याभरातच त्याला सुनावलं होतं. त्याच धंद्यावर त्याने चाळीस वर्षं काढली. लोक त्याला पारखी म्हणूनच ओळखत. दुसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीपाशी टेबल, त्यावर फ्लॅनेलचं फडकं, एक भिंग आणि दोन खुर्च्या. त्यातली गिऱ्हाइकाची खुर्ची बहुतेक रिकामीच.

व्हायोलिनच्या पोटात बनवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली असते. माळ्यावर आजोबांचं व्हायोलिन सापडलं की लोक बॅटरी मारून ती वाचतात, तीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा थोर कारागिराचं नाव दिसतं, आणि घरात बंगल्याच्या गोष्टी सुरू होतात. तसल्या चिठ्ठ्या कारखान्यांतून शेकड्याने छापून निघत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! म्हणून पारख्याचा नियम होता: पोटावरच्या दोन्ही भोकांवर आधी कागद चिकटवायचा, मगच वाद्य हातात घ्यायचं. लाकडाच्या रेषा, रंगाची झीज, मानेच्या टोकाची गुंडाळी कोरताना पटाशी कुठे थबकली, यावरून ते घडवणारा हात कुणाचा, हे तो सांगे. चिठ्ठी शेवटी वाचे, तीही हसायला. अलीकडे तेवढंही करत नसे. माणसं आशेने जिना चढत आणि तोंड पाडून उतरत.

मुलीच्या बाबतीतही त्याने मुलाहिजा ठेवला नाही. बाविसाव्या वर्षी तिने स्वतः घडवलेलं पहिलं व्हायोलिन आईच्या देखत त्याच्यापुढे ठेवलं. त्याने कागद चिकटवला, दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "फळीला चार तारा लावल्यात." खरं तर ते तितकं वाईट नव्हतं. पण घरच्यांना झुकतं माप दिलं तर पारखी कसला, ही त्याची घमेंड. ती दूरच्या शहरात हे काम शिकायला गेली ती गेलीच. आईच्या शेवटच्या दिवसांत येऊन राहिली, पण त्याच्याशी औषधांपलीकडे बोलली नाही. त्या गोष्टीलाही आता अकरा वर्षं झाली होती. त्याला तिची आठवण येई, विशेषतः दुपारी एकट्यापुरता चहा टाकताना. पत्र लिहायला तो बसे, आणि सुरुवातीलाच चूक कबूल करावी लागेल म्हणून उठे.

एका सकाळी चाळिशीचा एक अनोळखी माणूस व्हायोलिन घेऊन आला. किंमत नका सांगू, फक्त घडवलंय कुणी तेवढं सांगा, म्हणाला. पारख्याला माणूस आवडला. कागद चिकटवून तो खिडकीपाशी गेला. लाकूड जुनं, हनुवटी टेकते तिथे रंग विरलेला, कोपऱ्यांत मळ साचलेला. गुंडाळी मात्र एका दमात कोरलेली. कितीतरी वेळ त्याच्याने ते खाली ठेववेना.

"ऐंशी वर्षं तरी झाली असतील," तो म्हणाला. "नाव नाही सांगता येत. पण हात असा, की मला हेवा वाटतोय. बनवणारा केव्हाच गेला असणार. असे हात आता होत नाहीत."

माणूस म्हणाला, एकदा चिठ्ठी वाचा. पारख्याने वैतागून कागद काढला आणि आत उजेड टाकला. शाईने लिहिलेलं मुलीचं नाव होतं. खाली गेल्या वर्षाचं साल.

माणसाने मग सगळं सांगितलं. तो तिचा नवरा. लाकूड एका पाडलेल्या घराच्या तुळईचं. नव्या वाद्यावर जुनी झीज उतरवण्यात तिचा हातखंडा, चिठ्ठी मात्र ती नेहमी खरीच लावते. ती खाली गाडीत बसली होती. बाबांनी माझा हात ओळखला तर वर येईन, नाहीतर तशीच परत जाईन, असं ठरवून आली होती.

जन्मभर खोट्या चिठ्ठ्यांवर तोंडसुख घेतलेला तो माणूस खालच्या आवाजात म्हणाला, "ओळखलं म्हणून सांगा तिला."

"सांगतो," जावई म्हणाला. त्यालाही तेच हवं होतं. "पण ती विचारेल, कशावरून ओळखलं. काय सांगू?"

पारख्याने व्हायोलिन पुन्हा उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्यांत डावखुरा कोण आणि घाईचा कोण, हे त्याला तोंडपाठ होतं. पोटच्या पोरीच्या हाताची एक खूण त्याला सांगता येईना.

"नाही ओळखलं, असंच सांगा," तो शेवटी म्हणाला.

जावई व्हायोलिन घेऊन उतरला. पारखी खिडकीत उभा राहिला. गाडीच्या काचा वर होत्या, आतलं काही दिसत नव्हतं. आपणच खाली जावं असं त्याला वाटलं, पण कोणत्या तोंडाने जाणार? तो तिथेच थांबला. गाडी बराच वेळ निघाली नाही. तेवढ्या वेळात तो सावकाश उतरूनसुद्धा खाली पोचला असता.