झिजायचे चाक

जळगावात लेथ चालवणाऱ्या त्या वृद्ध कारागिराचे नाव विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. सारे त्यांना चाचा म्हणत; मीही म्हणू लागलो.

नव्वद सालच्या सुमारास माझ्या वडिलांनी, दादांनी, आमची डाळमिल प्रथमच माझ्यावर सोपवली होती. गिअरबॉक्समधले गनमेटलचे, म्हणजे तांबे-कथलाच्या नरम मिश्रधातूचे, पिवळे चाक झिजले, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पदवीच्या भरवशावर ते पोलादाचे करवून घेतले. एका हंगामातच त्याने आपल्याला फिरवणारा आटेदार पोलादी दांडा खाऊन टाकला आणि मिल बंद पडली.

चाक आणि दांडा घेऊन मी चाचांकडे गेलो. त्यांनी चाकावर कानस ओढली, कान जवळ नेऊन तिचा आवाज ऐकला आणि मिशीत हसत अहिराणीत म्हणाले,

"भाऊ, बठ्ठं पोलादनंच करं, मंग झिजी कोन?"

"सगळेच पोलादाचे केले की काहीच झिजणार नाही, असे वाटले होते," मी पुटपुटलो.

"झिजनारच शे. कोठे झिजाडानं, तेच आपला हातमा शे. दांडा काढाले बठ्ठी पेटी उतारनी पडस. चाक झाकन खोलं का हातमा. मंग नरम काय ठेवानं?"

"चाक."

"कालेजमा हाई नही सांगत?"

त्यांनी दांडा पोलादाचा आणि चाक पुन्हा गनमेटलचे केले.

काही वर्षांनी दादांसमोर मी पेटीचे झाकण उघडले. तेलात पिवळी भुकटी चमकत होती.

"अरे, हे चाक तर झिजलं!" दादा ओरडले.

दादांपुढे माझा आवाज सहसा फुटत नसे. त्या दिवशी मात्र मी म्हणालो, "झिजायलाच ठेवलं होतं," आणि त्यांचा चहा संपण्याआधी नवे चाक बसवले.