रिबेकामावशींचा शुक्रवारचा दिवा

मंडळी, दुपारपासून माझं कशातच लक्ष नाही.

आमच्या रहाटणीच्या सोसायटीत समोर रिबेकामावशी राहायच्या. ज्यू, एकट्या. माझ्याकडे त्यांची किल्ली असायची. शुक्रवारी ऑफिसातून आले की डोकवायचे. खुर्चीतच त्यांचा डोळा लागलेला असायचा. उगाच वीज कशाला जाळायची, म्हणून मी दिवा बंद करून यायचे.

मावशी गेल्या महिन्यात गेल्या. आज घर आवरताना त्यांची लेक म्हणाली, "ताई, शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस. शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आम्ही दिवा लावत नाही, कुणाला लाव म्हणतही नाही. म्हणून आई उजेडीच दिवा लावून ठेवायची; तुम्ही तो बंद केलात की रात्रभर अंधारात बसायची. मला म्हणायची, तिला सांगू नकोस, पोर मायेनं करते."

तीन वर्षं!

आजही शुक्रवार. समोरच्या रिकाम्या घरात दिवा चालू ठेवून लेकीनं किल्ली माझ्याच हातात दिलीय.

मावशींनी एकदा तरी मला रागवायला नको होतं का हो?