राजूरच्या पायऱ्या बसून चढलो

आम्ही दोघांनी शेवटचं काय केलं, तर अंगणात बॉल खेळलो. धुण्याची दोरी खाली बांधायची, अलीकडं मी बसायचं, पलीकडं बायकोनं. मळणी यंत्रात माझा डावा पाय गुडघ्याखाली गेल्ता. त्यानंतर मी जालन्याच्या अपंगांच्या बैठ्या व्हॉलीबॉलच्या संघात घुसलो आणि पंधरा वर्षं जिल्ह्याकडून खेळलो. या खेळात बॉल मारताना बूड जमिनीवरून उचललं की चूक. गावात माझ्यासोबत खाली बसून खेळायला दुसरं कोण येणार? हीच बसायची. हरायला लागली की उठून मारायची. मी ओरडलो की म्हणायची, "मला पाय हाएत, मी उठन. तुमचं तुमी बघा." त्या शेवटच्या सांजेला हसत हसत भाकरी टाकायला गेली. पहाटे छातीत कळ आली आणि जीप जालन्याला पोचायच्या आत ती संपली.

मंग मी खेळणं सोडलं. चौथ्या महिन्यात राज्याची स्पर्धा तोंडावर आली आणि आमच्यात धड सहाच जण. मी न्हाई तर संघ उतरतच न्हाई. संघातले दोनदा घरी येऊन गेले. मी सांगितलं, माझं नाव काढा. राजूरच्या टेकडीवरच्या गणपतीला दर चतुर्थीला जायचो, तेही बंद केलं. चार महिन्यांनी गेलो ते भांडायला. पाय नेला तवा बोललो न्हाई, आता ही बी नेली, तुझं माझं संपलं, एवढं तोंडावर सांगायचं होतं.

निम्म्या पायऱ्यांवर खोट्या पायाचा पट्टा तुटला. पाय काढून बाजूला ठेवला आणि खाली बसलो. एकानं येता येता माझ्यापुढं केळ ठेवलं, दुसऱ्यानं खोबरं. मला भिकारी समजले. जिल्ह्याचा कप्तान मी. शिवी ओठावर आल्ती, पण बाहेर रडूच आलं. ही गेल्यापासून पहिल्यांदाच.

तेवढ्यात खांद्यावर घोंगडी टाकलेली एक म्हातारी धनगरीण शेजारी टेकली. केळ सोलून अर्धं मला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. मी म्हणालो, वर जाता येत न्हाई.

"माहे गुडघे गेलेत, मी बसूनच चढते," ती म्हणाली. "तुला बसता तर येतं ना, बाबा?"

मला हसू आलं. बसण्यात जिल्ह्यात माझा हात कोण धरील? हातावर जोर देऊन, पाठीकडून एकेक पायरी सरकत निघालो. ती मागून येऊन राह्यली होती. मी थांबलो की जल्दी कर म्हणायची, तिची बस जाईल म्हणून. वर गेल्यावर तिनं गाठोड्याची दोरी सोडून माझा पट्टा बांधून दिला आणि गर्दीत गेली. नाव विचारायचं राहिलं.

देवापुढं भांडण आठवलंच न्हाई. समोर तो मांडी घालून बसलेला. इतकी वर्षं दर्शन घेतलं, पण ह्यो बी बसूनच सगळं करतो हे त्या दिवशी ध्यानात आलं. म्हणालो, हिला सांभाळ, मला जिथं बसवशील तिथं बसतो.

ती देव होती असं मला म्हणायचं न्हाई. बाईच होती, माझ्यापेक्षा हळू चढली. पण बराबर त्या वेळी तिला माझ्या पायरीवर ज्यानं बसवलं, त्याचे उपकार मी मरेपर्यंत मानीन. चार महिने दुःखातनं एकट्यानंच उठायची धडपड केली, काही हाती लागलं न्हाई. खाली बसलो, तवा त्यानं वर नेलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं जालन्याला गेलो. मैदानावर पाचजण सराव करून राह्यले होते. पाय काढून कडेला ठेवला, जाळीजवळ माझ्या जागेवर बसलो आणि बॉल मागितला.