मंडळाचा ट्रॅक्टर आणि दिनूचे बैल

चहा संपेपर्यंत कोणी हसायचं नाही, ही माझी अट. कारण माती मी खाल्लीय, पण रीतसर चौकशी करून, छाती पुढे काढून खाल्लीय!

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत सेकंडहँड काहीही घ्यायचं असलं की लोक आधी मला विचारतात. बाईक, फ्रिज, मिक्सर... मी नुसत्या आवाजावरून सांगतो. त्यामुळे गावाहून माझ्या चुलतभावाचा, दिनूचा फोन आला, "दादा, जुनो ट्रॅक्टर घेऊचो आसा, बघशीत?" तेव्हा मी एका दमात म्हटलं, "बैल विकून टाक! ट्रॅक्टर माझ्यावर सोड."

आणि त्याने विकले हो! शेजारच्या तुकारामला. म्हणजे यंदाची अख्खी भातशेती माझ्या शब्दावर.

आता मी ट्रॅक्टर कुठे बघितलाय? विसर्जनाला! मूर्तीच्या ट्रॉलीपुढे. आणि नशीब बघा, आमचं गणपती मंडळ नेमका जुना ट्रॅक्टर विकायला काढत होतं. खजिनदार पक्या, माझा लंगोटीयार.

"पक्या, भरवशाचा आहे ना रे?"

"काय विचारतोस दादूस! लालबागपासून चौपाटीपर्यंत एवढी मूर्ती ओढतो, तीही मुंगीच्या पावलाने. कधी बंद पडलेला बघितलास?"

खरंच नव्हता बघितला.

पण मी काय असातसा फसणारा? इंजिन थंड असताना चालू करायला लावलं. धूर बघितला, तेलात बोट बुडवलं, टायरना लाथा घातल्या. वर गावाजवळच्या डीलरला फोन! "पार्ट मिळतात? मेकॅनिक वाडीत येतो?" "येतो की!" लोक रंग बघून गाडी घेतात, मी डीलर बघून घेतो. व्यवहार पक्का!

ट्रकवरून ट्रॅक्टर गावात उतरला. काकूने, म्हणजे दिनूच्या आईने, ओवाळलं, नारळ फोडला. दिनूने नांगर आणून ठेवलेला. तो ट्रॅक्टरच्या मागे गेला, वाकून बघितलं, पुढे आला, परत मागे गेला.

"दादा, नांगर खंय जोडूचो?"

"हुकाला!" मी, ऐटीत.

"तो ट्रॉलीचो हुक. नांगर उचलूक लिफ्ट लागता, मागे दोन लोखंडी हात असतत. ते खंय गेले?"

लगेच पक्याला फोन.

"अरे, ती लिफ्ट ट्रॉलीला आडवी यायची. कधीच काढून टाकली!"

"मग बोलायचं नाही का?"

"तू बोललास शेतीसाठी पाहिजे म्हणून? मला वाटलं, गावच्या गणपतीला नेतोयस!"

ट्रॅक्टरची इतकी तपासणी केली, पण 'शेत' हा शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाला नव्हता!

डीलरचा मेकॅनिक मात्र तासाभरात हजर. तेवढी माझी पारख खरी ठरली, नोंद घ्या! त्याने सगळं बघितलं आणि म्हणाला, "इंजिन एक नंबर. लिफ्ट मागवतंय, पण लावणीच्या आधी काय येवची नाय."

दिनू बांधावर जाऊन बसला. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं हो, खरंच वाईट वाटलं मला.

शेवटी मीच गेलो तुकारामच्या दारात, हात जोडून. भला माणूस! दिनूचेच बैल दिनूला नांगरणीपुरते द्यायला तयार झाला. अट एकच.

"ज्यानं ट्रॅक्टर पारखलो, त्यानंच जोत धरूचा."

धरलं! डिलाईल रोडचा एक्स्पर्ट गुडघाभर चिखलात, पुढे बैल, आणि बांधावर अख्खी वाडी बघायला. कोणी मोबाईलवर शूटिंगसुद्धा करत होतं. पण शेत झालं, दिनूची लावणी वेळेत लागली.

नांगरणीच्या पहिल्याच संध्याकाळी चिखलाने माखून पडवीत बसलो होतो. पण माझी खुमखुमी जाते का? म्हटलं, "काही म्हण काकू, गणपती आणायला मात्र असा ट्रॅक्टर अख्ख्या तालुक्यात नाही!"

काकूने चहाचा कप पुढे ठेवला.

"अरे बाबा, आपलो गणपती दीड फुटाचो, डोक्यार घेऊन आणतंव. ह्या वर्षी तुझ्याच डोक्यार देतंव. आत काय नाय, तेव्हा वरचो भार सहज पेलतला!"