पहिल्या रविवारचा पेला

पान्याचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. बसडेपोच्या मागे गॅरेज, हातात सदा पाना, म्हणून नाव पाना. इंजिनांच्या धडधडाटात अर्धं आयुष्य गेलेलं, त्यामुळे एका कानाने कमी ऐकू यायचं आणि कुजबुजला तरी रस्त्यापलीकडे कळायचं. माणूस वाईट नव्हता हो. पण बाटलीने त्याची पार रया घालवली होती.

बायको मेथडिस्ट चर्चच्या गायकांमधली. नवरा रविवारी का येत नाही असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "गाड्या बंद पडतात हो, रविवारीच जास्त." झाकली मूठ सव्वा लाखाची. आईवडिलांनाही तिने कधी कळू दिलं नाही. एकदा तो मोरीत तोंडावर आडवा पडलेला सापडला. त्याला उचलून, पुसून, अंथरुणावर टाकून ती माहेरी गेली आणि तिथे सांगितलं, आईचे गुडघे दुखतात म्हणून राहायला आले.

त्या दिवसापासून पाना थेंबालाही शिवला नाही. हात कापायचे, जीव कासावीस व्हायचा, पण नाही शिवला. डॉक्टरांनी बजावलं होतं, एक घोट घेतलास की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. काही महिन्यांनी बायकोचा फोन आला. "रविवारी चर्चमध्ये या. चारचौघांत माझ्या शेजारी बसा. मग मी येते तुमच्याबरोबर घरी."

लग्नानंतर त्याने त्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. नखांतलं काळं काढायला रॉकेल वापरलं आणि मग वासाचीच धास्ती घेऊन बसला. सगळे उभे राहिले की हा बसलेला, सगळे बसले की हा उभा. पण बायको गाणं संपवून शेजारी येऊन बसली, आणि तिने त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. बेट्याला वाटलं, जमलं आपल्याला.

तो महिन्यातला पहिला रविवार होता, प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि पेल्यातला घोट घेण्याचा. रांगेने लोक पुढे जाऊन लाकडी कठड्यापाशी गुडघे टेकत होते. हे दोघंही टेकले. पाळकांनी भाकरीचा तुकडा दिला. मागून सासरे आले. ते चर्चचे कारभारी, कडक कोटातले. त्यांच्या हातात तबक, तबकात अंगठ्याएवढे काचेचे पेले, आणि पेल्यांत ते गडद लाल.

चर्चमध्ये वाइन देतात एवढं पान्याने ऐकलेलं. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याची त्यालाच किळस आली. घ्यावा तर सगळं मुसळ केरात, न घ्यावा तर सासऱ्यांचा आणि त्यांच्या देवाचा अपमान. सासरे वाट बघत उभे. तो मान खाली घालून, त्याच्या मते अगदी हळू, बोलला, "बाबा, मला नको. मी सोडली आहे."

"काय सोडली?"

"दारू."

पेटी वाजत होती, ती थांबली. मागच्या बाकांपर्यंत शब्द पोचला होता.

सासऱ्यांनी तबक जरा मागे घेतलं. "आपल्याकडे द्राक्षाचा रस असतो," ते म्हणाले. "दारू या दारातून आत येत नाही."

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, हे खरं. पण पान्याने भर चर्चमध्ये फुंकलं. बायको लहानपणापासून तो रस पीत आली होती. नवऱ्याला हे सांगावं लागेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. आता ती कठड्यावर कपाळ टेकून होती आणि तिची मान लाल झाली होती. वडील तिच्याकडे बघत होते, नवऱ्याकडे नव्हे. इतक्या रविवारांच्या बंद पडलेल्या गाड्या सगळ्यांना एकदम आठवल्या असणार. पान्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःची लाज त्याच्या अंगवळणी पडली होती. तिची सोसवेना.

उपासना सुटल्यावर तो अंगणात भिंतीला चिकटून उभा राहिला. लोक जास्तच गोड हसून पुढे जात होते. ती सगळ्यांत शेवटी बाहेर आली.

"तुला न्यायला आलो," तो म्हणाला, "आणि तुझंच नाक कापलं. नको येऊस तू. मीही पुन्हा या बाजूला फिरकणार नाही."

"आज नाहीच येत," ती म्हणाली. "आज आईबाबांना पहिल्यापासून सगळं सांगायचंय. बाबा बोलत नाहीयेत माझ्याशी."

तो निघाला. तिने मागून बाही धरली.

"पुढच्या रविवारी मी त्या बाकावर एकटी बसू का, या सगळ्यांसमोर?"

पान्याने चर्चच्या दाराकडे पाहिलं. लोक अजून तिथे उभे होते.

"किती वाजता येऊ?" त्याने विचारलं, आणि तेही सगळ्यांना ऐकू गेलं.