वीस फुटांवरची कुजबुज

उद्या सकाळी अकरा वाजता धंतोलीत कानाच्या डॉक्टरकडे जायचं आहे. तयारी आठ दिवसांपासून चालू आहे. कानातला मळ काढून झाला. चालू गोळ्यांची यादी झाली. पलटणीतले मेडिकलचे कागद ट्रंकेतून काढून सुतळीने बांधले. दवाखान्यातल्या मुलीने फोनवर बजावलं होतं, तपासणीच्या आदल्या दिवशी गोंगाटात जाऊ नका. मी महाल भागातल्या कोष्ट्याच्या घरचा. आमच्या ओसरीत चार माग चालत, आणि हळू बोलणारा माणूस आजारी समजला जाई.

मुलीने आणखी एक सांगितलं: कधीपासून कमी ऐकू येतं, ते नीट आठवून लिहून आणा.

या एका प्रश्नाला भिऊन मी वीस वर्षं दवाखाना टाळला. घरात, गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे की हवालदार वसंत हेडाऊचे कान सीमेवर गोळा फुटला तेव्हा गेले. हे मीच सांगितलेलं आहे आणि ते खोटं आहे.

गेल्या रविवारी बायको, सुमन, माझ्या मागे उभी राहून सराव घेत होती.

"कणीक," ती म्हणाली.

"गणित."

"नापास होता तुमी."

"पास कायले व्हायचं वं? नापास झालो तरच कानाची मशीन भेटते."

ती हसली. मला हसू आलं नाही. कारण अशाच एका परीक्षेत मी एकदा पास झालो होतो.

तेव्हा मी लान्स नायक होतो, मॉर्टर म्हणजे उखळी तोफांच्या प्लॅटूनमध्ये. नळीत गोळा सोडायचा आणि मान खाली घालायची, हे माझं काम. कानात कापूस घालणाऱ्याची टिंगल व्हायची, म्हणून मी घालत नसे. मर्दुमकी! चौथ्या वर्षी सरावाच्या रेंजवर डाव्या कानातून रक्त आलं. ते रुमालाने पुसलं आणि रुमाल फेकून दिला. त्यानंतर दोन्ही कान उतरत गेले.

वार्षिक मेडिकलमध्ये डॉक्टरसाहेब पाठीमागे वीस फुटांवर उभे राहून आकडे कुजबुजत. आपण ते मोठ्याने परत म्हणायचे. मला काही ऐकू आलं नाही. पण समोर वजनकाट्यापाशी नायक केशव तितरमारे उभा होता. हा कुही तालुक्यातला, धानाच्या बांधीत वाढलेला, माझा जिवाचा दोस्त. त्याने पँटच्या शिवणीवर आधी तीन बोटं दाखवली, मग पाच.

"पैंतीस!" मी ओरडलो.

असे चार आकडे झाले. साहेबांनी लिहिलं, फिट. नापास झालो असतो तर मागे सामानाच्या डेपोत गेलो असतो.

"तिकडं जाऊन कांबळं मोजत बसशीन का गा?" केशव म्हणाला. "संगंच राहू आपण."

चार महिन्यांनी आम्ही नियंत्रण रेषेवरच्या एका पोस्टवर होतो. चोवीस माणसं. तिथे सेंट्रीचं, म्हणजे पहारेकऱ्याचं, अर्धं काम डोळ्यांचं आणि अर्धं कानांचं. समोरून मॉर्टरचा गोळा सुटला की ओल्या गोधडीवर काठी मारावी तसा 'थप्' आवाज येतो. त्यानंतर गोळा पडायला वीसेक सेकंद लागतात. तेवढ्यात सेंट्रीने शिट्टी मारायची आणि सगळ्यांनी बंकरमध्ये शिरायचं.

मला तो आवाज ऐकू येत नाही, हे फक्त केशवला माहीत होतं. म्हणून माझी ड्यूटी लागली की तो चहाचं निमित्त करून शेजारी बसायचा. त्याने थप् ऐकलं की माझ्या पाठीत बुक्की, आणि माझी शिट्टी. असं तीनदा झालं. सुभेदारसाहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. "हेडाऊ के कान कुत्ते के कान हैं." केशव हसून हसून लोळला.

त्या दिवशी माझी ड्यूटी सहा ते आठ. सकाळी ७.१२ ला केशव उठला. "किटली घेऊन येतो. दोन मिन्टं." लंगरचा, म्हणजे स्वयंपाकाचा, बंकर माझ्यापासून तीस पावलांवर होता.

७.१५ ला तो किटली घेऊन बाहेर आला आणि थबकला. त्याने वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी आरामात उभा होतो. शिट्टी खिशात. त्याच क्षणी त्याला कळलं की मला काही ऐकू आलेलं नाही. लंगरचं दार त्याच्या पाठीशी दोन पावलांवर होतं. तो आत गेला नाही. किटली टाकून, हात हलवत, तोंड वासून तो माझ्याकडे धावत सुटला.

गोळा त्याच्या मागे आठ-दहा फुटांवर पडला.

दगड, माती, तारेचे तुकडे उडाले. मी खंदकात आदळलो. डोकं वर काढलं तेव्हा केशव कोपरांवर सरपटत होता. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. पोट उघडं होतं. दुसरा गोळा तारेवर पडला, तिसरा माझ्या डोक्यावरच्या सँडबॅगवर. मी पट्ट्याला धरून त्याला आत ओढलं आणि दोन्ही हात पोटावर दाबून धरले. रक्त बोटांमधून येतच राहिलं. तो माझ्याकडे पाहून काहीतरी सांगत होता. ओठ हलत होते. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

"काय म्हणून राहिला गा? जोरानं बोल!" मी ओरडत होतो.

सुभेदारसाहेबांनी कॉलर धरून मला उठवलं आणि मॉर्टरकडे बोट केलं. सेटवर ते काय बोलले, ते मी नंतर रेडिओ लॉगमध्ये वाचलं: "एक सीरियस. हेलिकॉप्टर भेजो. ओव्हर." उत्तर होतं, "वेट, आऊट." म्हणजे थांबा, बोलणं संपलं.

मी बावीस गोळे टाकले. नळीला तळहात चिकटून कातडी सोलली. मला समोरची माणसं मारायची होती, एकूण एक. सभ्य लोकांत बोलायची ही गोष्ट नाही, पण तेव्हा मनात दुसरं काही नव्हतं. समोरच्या टेकडीवर काहीतरी पेटलं, त्यात दोन माणसं जळत पळताना दिसली आणि मला आनंद झाला. ७.४१ ला गोळीबार थांबला. परत आलो तेव्हा केशव गेला होता. त्याचं तोंड उघडंच होतं.

चौकशीत मी सांगितलं, आवाज आलाच नाही. ते खरंच होतं. वर सांगितलं, कान या गोळ्याने गेले. सगळ्यांनी मान्य केलं. केशवच्या बायकोला, शकुनताईला सांगितलं की तो जागच्या जागी गेला, त्रास झाला नाही, काही बोलला नाही. तेव्हापासून ती दरवर्षी मला राखी बांधते.

परवा कागदावर खरं लिहिलं आणि सुमनला वाचायला दिलं. वाचून तिने कागदाची घडी केली. मग समोर येऊन, मला ओठ दिसतील असं म्हणाली, "हे डॉक्टरले मंग सांगजा. पयले शकुनबाईले सांगा."

आज सकाळच्या बसने कुहीला गेलो. खरं सांगतो, बावीस गोळे टाकताना जी भीती वाटली नाही, ती तिच्या दारात वाटली. मला आता सख्खी बहीण नाही. हीच एक आहे, आणि तीही खोट्यावर मिळवलेली. शकुनताई अंगणात सुपात तांदूळ निवडत होती. मी बसलो नाही. उभ्यानेच वजनकाट्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं.

तिचे हात थांबले.

"म्हंजे ते लगेच नाही गेले?"

"नाही."

"बोलत होते?"

"ओठ हालत होते, ताई. मले आयकू नाही आलं."

ती रडली नाही, मला हाकललंही नाही. सूप बाजूला ठेवून उठली आणि अगदी माझ्या समोर येऊन उभी राहिली.

"कसे हालत होते? दाखवा."

मी दाखवलं. ओठ मिटले, तोंड उघडलं, मग ओठ दोन्हीकडे ताणले. इतक्या वर्षांत ते मी कुणासमोर केलं नव्हतं, आरशासमोरसुद्धा नाही.

"आणखीन एकडाव."

पुन्हा दाखवलं. पाच वर्षं त्याच्याशी संसार केलेली बाई. तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि सावकाश म्हणाली, "पाणी मांगत होते."

त्या सकाळी पाण्याची बाटली माझ्या कमरेला होती. भरलेली.